अलाइनमेंटमध्ये हे निघणार नाही

भाऊ, तुम्ही लिहिलंय की तुमच्या किट कारचा (सुटे भाग घेऊन स्वतः जोडायच्या गाडीचा) डावीकडचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, उजवीपेक्षा ८ मिमी कमी भरतोय आणि किटवाला म्हणतोय अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवताना, काढून टाकू, तर तसं होत नसतं. टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) बसेल, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बसेल, पण विशबोन (चाकाला चासीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) धरणारं ब्रॅकेटच भलत्या जागी वेल्ड झालं असेल तर दोन्हीकडचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) वेगळा राहू शकतो, गाडी एका बाजूला ओढू शकते, आणि तुम्ही यूकेत आहात म्हणजे आयव्हीए टेस्टला (अशा गाड्यांच्या रजिस्ट्रेशनआधीच्या सरकारी तपासणीला) स्टिअरिंग आपोआप सरळ येतंय का ते बघणारच, तिथे अडकलात की रजिस्ट्रेशन लटकलं.

चासी स्टँडवर अगदी लेव्हलमध्ये घ्या. मुख्य पाइपांच्या कोपऱ्यांतून आणि विशबोनच्या बोल्टच्या भोकांतून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा, मग दोन्हींचे कर्ण मोजा. टेपचा हुक हलतो, म्हणून १०० मिमीच्या रेघेपासून धरा. पाइपांचे कर्ण जुळले आणि भोकांचे नाही, तर ब्रॅकेटचा घोळ. पाइपांचेच जुळत नसतील तर वेल्डिंगच्या उष्णतेने सगळी चासीच ओढली गेलीय, मग ती परतच करा.

वॉशर घालून फरक भागवायचा सल्ला या चर्चेत वर कुणीतरी दिलाय, तो प्लीज ऐकू नका. ब्रॅकेट परत वेल्ड करायचं म्हणजे पावडर कोटिंग (चासीवर भाजून बसवलेला रंग) खरवडायला जीवावर येतं हे कबूल, पण इंजिन बसवायच्या आधीच काय ते करा, आणि मापं किटवाल्याला फोनवर नाही, फोटोसकट मेलवर पाठवा.