मदत हवी आहे: ज्वारीच्या दाण्यातून झटपट डीएनए कसा काढता?

नमस्कार मंडळी. पुण्यात एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी गहू आणि मालदांडी ज्वारीच्या एकेका दाण्यातून पीसीआरपुरता (डीएनएच्या हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती करून तो तपासण्यापुरता) डीएनए काढतेय. रोपाला पान फुटेपर्यंत थांबायचं नाही, म्हणून दाणा आडवा कापून कोंबाकडचा अर्धा पेरायला ठेवते आणि उरलेला कुटते. हवा तो जीन सापडला, तर तेच रोप हाताशी राहतं.

सीटॅब या डिटर्जंटच्या पद्धतीने डीएनए छान मिळतो, पण क्लोरोफॉर्म, सेंट्रिफ्यूज यात अख्खा दिवस जातो आणि नमुने शेकड्यांनी आहेत. किट परवडत नाही. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळून ट्रिस बफरने उदासीन करायची पद्धत काही मिनिटांची. गव्हाला चालली. ज्वारीचा अर्क मात्र पेजेसारखा दाट होतो आणि पीसीआरनंतर जेलवर बँडच (डीएनएचा पट्टाच) दिसत नाही. १० पट पातळ केला की फिकट बँड येतो, म्हणजे डीएनए आहे. स्टार्च आणि पॉलिफिनॉल (सालीतली तुरट द्रव्यं) पीसीआरला आडवे येत असावेत.

ज्वारीवर काम केलेल्यांनी कृपया सांगा, पॉलिफिनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी किती टक्के घालता? पीसीआरमध्ये बीएसए (अडथळा आणणारी द्रव्यं बांधून ठेवणारं प्रथिन) घालून फरक पडला का? आणि सालपट आधी खरवडून काढावं का? लाल दाण्यांची ज्वारीही पुढे करायची आहे, तिच्यात पॉलिफिनॉल बहुधा आणखी त्रास देतील.