पक्षांतर्गत निवडणुका आयोगाने घेतल्या, तर घराणेशाही संपेल?

कलमदान:
‘पक्षांच्या अंतर्गत निवडणुका निवडणूक आयोगाकडे सोपवल्या की घराणेशाही आपोआप संपेल’, असे परवा येथे एका सदस्याने लिहिले आणि त्याला भरघोस अनुमोदन मिळाले, म्हणून हे सविस्तर उत्तर. आयोगाकडे आज तसा अधिकारच नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ नुसार पक्षाकडून राज्यघटनेवरील निष्ठेची हमी घेतली जाते. ती मोडली म्हणून आयोगाला नोंदणी रद्द करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच स्पष्ट केले, आणि त्याला ठेवलेले अपवादही मोजकेच आहेत. समजा, अधिकार दिला. सदस्यनोंदणीची पुस्तके ज्या घराच्या कपाटात, त्याच घराचे मतदार! ब्रिटनमध्ये २०२२ साली हुजूर पक्षाच्या सदस्यांनी रीतसर मतदान करून लिझ ट्रस यांना नेतेपदी बसवले; त्यांचे पंतप्रधानपद दोन महिनेही टिकले नाही.

सतरंजी:
ब्रिटन आठवले, जर्मनी मात्र सोयीस्करपणे विसरलात. तेथे मूलभूत कायद्याच्या २१व्या अनुच्छेदातच पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असावी, असे बंधन आहे.

राहिला माझा अनुभव. मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरण्यात आणि सभेच्या सतरंज्या उचलण्यात उमेदीची वर्षे घालवल्यावर नगरपालिकेसाठी माझे नाव तालुक्यातून एकमताने वर गेले. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी मी कार्यालयाच्या आवारात ताटकळत असताना, मुदत संपता संपता एक गाडी आली आणि आदल्या रात्री पक्षात आलेल्या एका ठेकेदाराच्या हाती पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारा एबी फॉर्म पडला. घाईघाईत त्याचे आडनावही खोडून दुरुस्त केलेले होते. ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढेच कारण मला सांगण्यात आले. आयोग निदान हा प्रकार उघड्यावर तरी आणेल.

जुना मतदार:
दोघेही फांद्या छाटत बसला आहात. मूळ दुखणे १९८५ सालची ५२वी घटनादुरुस्ती आहे. तिने आणलेल्या दहाव्या अनुसूचीने, म्हणजे पक्षादेश मोडला की अपात्र ठरवणाऱ्या पक्षांतरबंदी कायद्याने, आमदाराला पक्षादेशाचा गुलाम केले. सभागृहात तोंड उघडण्याची सोय नसलेला माणूस पक्षाच्या बैठकीत काय बोलणार?

कलमदान:
म्हणजे पुन्हा १९६७ चा हरियाणा हवा, जेथे गयालाल यांनी एका पंधरवड्यात अनेकदा पक्ष बदलला आणि देशाला ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग मिळाला?

जुना मतदार:
कायद्याने ते थांबले का? २००३ साली ९१व्या घटनादुरुस्तीने एक-तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर अपात्रता टळण्याची सवलत काढली. दोन-तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट शिल्लक राहिली. किरकोळ विक्री बंद झाली, घाऊक बाजार चालूच आहे. अपात्रतेचा निवाडा विधानसभेच्या अध्यक्षांकडे, आणि अध्यक्ष बहुमताच्या बाजूचे. महाराष्ट्रात २०२२ नंतर आपण काय पाहिले, हे मी सांगायला हवे का?

सतरंजी:
धागा पक्षांतर्गत निवडणुकांचा आहे, याचे कोणाला स्मरण आहे काय? आमदारांच्या स्वातंत्र्यासाठी गळा काढणाऱ्या सद्गृहस्थांना कार्यकर्त्याच्या स्वातंत्र्याविषयी एक ओळ लिहावीशी वाटू नये, हा निव्वळ दांभिकपणा आहे.

जुना मतदार:
तिकीट हुकल्याचा राग माझ्यावर काढू नये. पक्षादेश सैल झाला की पक्षश्रेष्ठींची पकड सैल होईल आणि त्याचा लाभ तुम्हालाही मिळेल, इतका साधा संबंध आहे.

कलमदान:
एवढे मान्य करतो, तेही नाइलाजाने: दिनेश गोस्वामी समितीने १९९० सालीच मत दिले होते की पक्षादेश मोडल्याची अपात्रता विश्वासदर्शक ठरावासारख्या मोजक्या प्रसंगांपुरतीच असावी, आणि ते स्वीकारायला हवे होते. मात्र उमेदवारीच्या खर्चाचे काय? उमेदवाराच्या खर्चाला कायद्याने मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही. पैसा वरून येतो तोवर शब्दही वरचाच चालणार.

सतरंजी:
ठेकेदाराला तिकीट का मिळाले, याचे उत्तर अखेर तुम्हीच दिलेत, आभारी आहे. आता सदस्ययादी आयोगाने तपासण्याला तुमचा नेमका आक्षेप काय, तेवढे लिहा.