नवे सुपरहिरो कॉमिक वाचताय का? आपापले अनुभव लिहा

देवगडकर
भाच्याच्या टॅबवर 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' वाचायला घेतलं आणि हातातून सुटेना. 2024च्या ऑक्टोबरपासून येतंय, लेखक स्कॉट स्नायडर, चित्रं निक ड्रॅगोटाची. यातला ब्रूस वेन, म्हणजेच बॅटमॅन, गडगंज नाही. वाडा नाही, हाताखाली बटलर नाही. साध्या वस्तीत वाढलेला इंजिनिअर. आई हयात आहे, शाळेत मास्तर असलेला बाप गोळीबारात गेलेला. छातीवरचं वटवाघूळ काढलं की कुऱ्हाडीचं पातं होतं! देह असा आडवा काढलाय की चौकटीत मावत नाही. श्रीमंती काढून घेतली तरी हा माणूस उभा राहतो, म्हणून मला तो आजवरच्या सगळ्या बॅटमॅनपेक्षा जवळचा वाटला.

वाचताना आमच्या एसटी स्टँडवरचा स्टॉल आठवला. दोरीला चिमट्याने लटकवलेले इंद्रजाल कॉमिक्सचे अंक, वरती वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. गाडी सुटेपर्यंत उभ्या उभ्या जेवढा वाचून होईल तेवढा. तुम्ही काय वाचायचात, आणि हे नवीन तुम्हाला कसं वाटतंय? मनमोकळं लिहा.

कुडाळची_लेक
वेताळ!! कवटीची अंगठी! 1990ला इंद्रजाल बंद झालं तेव्हा मी शाळेत होते, फार वाईट वाटलेलं. भात उतू जातोय, नंतर लिहिते.

रत्नांग्री_एक्स्प्रेस
बॅटमॅन चांगलाच आहे, पण माझं मत 'अल्टिमेट स्पायडरमॅन'ला. जानेवारी 2024ला सुरू झालं, जोनाथन हिकमनचं लेखन. पीटरचं, म्हणजे स्पायडरमॅनचं, लग्न झालंय, पदरी दोन पोरं, आणि अंगात शक्ती येते ती या वयात. बेनकाका जिवंत, मेकाकी गेलेली. इमारतींवरून उड्या मारण्यापेक्षा घरात काय सांगायचं, कधी सांगायचं ही घालमेल जास्त रंगलीय. मी रात्रपाळीचा माणूस, घरी दोन पोरं. सकाळी दार हळू उघडून आत येणारा पीटर बघितला की पुढचं पान लगेच उलटवत नाही.

आरवलीची_नात
आजीला बॅटमॅन समजावून सांगत होते, की हा रात्रभर शहराची राखण करतो. ती म्हणाली, "मगे तेका चपलो कोण दिता?" आमच्या वेतोबाला केवढाल्या चामडी चपला वाहतात, माहीतच आहे सगळ्यांना. देव रात्री गावभर फिरतो, त्या झिजतात, म्हणून परत नव्या. आजीचा हिशेब सरळ आहे, राखणदाराचं गावानेही बघायला हवं.

@देवगडकर, म्हणूनच मला तुमचं पुस्तक आवडलं. वेलन, ऑस्वाल्ड, एडी, हार्वी हे जुन्या गोष्टींतले खलनायक, इथे ब्रूसचे लहानपणचे दोस्त. त्याच्या पाठीशी कोणीतरी आहे. जुना बॅटमॅन मला नेहमी फार एकटा वाटायचा.

मालवणी_तारू
माका ह्यातला कायच कळणा नाय, पण आजयेचो प्रश्न बरो आसा. बांगडो काय भाव गावलो आज कोणाक?

कुडाळची_लेक
@तारू विचारू नको. आज घरात सोलकढी नि वालीची भाजी.

चिपळूणचा_माळा
माझ्याकडे हिंदी राज कॉमिक्सचे नागराज, ध्रुव, डोगा ट्रंक भरून होते. डोगा तर आपल्या मुंबईचा. शेजारी इंद्रजालचा गठ्ठा आणि मुंबईहून आणलेले थोडे इंग्रजी अंक. 22 जुलै 2021च्या पुरात ट्रंक पाण्याखाली. चिखल उपसून उघडली तेव्हा चकचकीत कागदाचे इंग्रजी अंक एकमेकांना चिकटून अक्षरशः वीट झालेली, नखाने पान सुटेना. इंद्रजालचा साधा कागद मात्र पान पान सोडवून दोरीवर वाळवता आला. रंग फुटले, पण वेताळ वाचता येतो अजून. नवीन अंक छापील घ्यायचा धीरच होत नाही तेव्हापासून.

आरवलीची_नात
अरेरे. वाचून पोटात कालवलं.

देवगडकर
माळा, फार वाईट झालं रे. तुझ्याकडचे डोगा मी वाचलेत, आठवतंय.

कुडाळची_लेक
आले. भात वाचला 😄 पूर राहू दे, नुसत्या खाऱ्या हवेनेच पिना गंजतात. मधल्या पानावर तांबूस डाग, मग कागद तिथेच फाटतो. मी गंज दिसायच्या आधीच पिन सरळ करून काढते आणि त्याच भोकांतून सुती दोरा घालून मागे गाठ मारते. अंक विकायचा असेल तर हे करू नका, किंमत जाते. मला वाचायचाय, विकायचा नाही. प्लास्टिकच्या पिशवीत नुसता बंद करून ठेवलात तर आतल्या आत बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या. पाऊस सरला की अंक सावलीत वाऱ्यावर, उन्हात नको, रंग उडतो.

रत्नांग्री_एक्स्प्रेस
दोऱ्याची युक्ती झकास. पण एका अंकाला पाच डॉलरच्या आसपास, वर पाठवणावळ. पोरांनी वाचायचं कुठून? आमचं जिल्हा नगर वाचनालय 1828पासूनचं आहे. अशा वाचनालयांनी जाड एकत्रित खंड घ्यावेत असं मला मनापासून वाटतं. एक खंड पन्नास हातांतून फिरेल. अर्ज लिहितोय, कोणाला सही करायची असेल तर सांगा.

आरवलीची_नात
सही नक्की. यादीत 'अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमन' घाला. केली थॉम्प्सनने लिहिलंय, हेडन शर्मनची चित्रं. डायना, म्हणजे वंडर वुमन, नरकात वाढते, सांभाळणारी सर्सी ही जादूगारीण. हाडांचा उडता घोडा आहे! आणि एवढं सगळं भोगूनही ती मनाने मायाळू राहते, कोणाचा राग धरून बसत नाही. माझ्या भाचीने घोडा वहीत काढलाय, बरगड्यांसकट.

मालवणी_तारू
हाडांचो घोडो? ह्या माका वाचूचा आसा. मराठीत गावतला काय?

देवगडकर
मराठीत नाही रे अजून. शनिवारी कणकवलीला येतोय, टॅब घेऊन येतो. एकेक चौकट वाचून सांगेन, चहा तुझा.

मालवणी_तारू
ये. बांगडो गावलो तर तोय.