प्रतिसाद: आर्ची थॉम्पसन आणि युरोक भाषा

वर एकांनी लिहिलंय की २०१३ मध्ये आर्ची थॉम्पसन, म्हणजे युरोक ही मातृभाषा म्हणून बोलणारे शेवटचे गृहस्थ, वारले आणि युरोक भाषा संपली, ते मला अजिबात पटत नाही. उत्तर कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ नदीकाठच्या युरोक या मूळ अमेरिकन आदिवासी लोकांची ही भाषा, नव्वदच्या दशकात अभ्यासक म्हणत होते की २०१० पर्यंत ती नामशेष होईल, आणि ते साहजिकच होतं, कारण पिढ्यानपिढ्या मुलांना बोर्डिंग शाळांत टाकून तिथे स्वतःची भाषा बोलली तर शिक्षा करायचे. आर्चींची मात्र आजीच्या हाताखाली वाढल्यामुळे टिकली, केवढं भाग्य ते! पुढे ते आणि साधारण वीसेक वयस्क मंडळी यांनी मिळून भाषा परत उभी केली. आर्चींनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या भाषाशास्त्रज्ञांसाठी रेकॉर्डिंग दिली ती आजही तिथल्या अर्काइव्हमध्ये (संग्रहात) आहेत, पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे की नव्वदीच्या आसपास पोचलेला माणूस शाळेत जाऊन पोरांसमोर बसायचा, शिकाऊ लोक घरी येऊन खोदून खोदून विचारायचे तरी कंटाळायचा नाही. युरेका हायस्कूलमध्येही नंतर युरोकचा वर्ग सुरू झाला, आता शिकवणारे शिक्षक याच वयस्कांकडून शिकलेले आहेत, मग संपली कशी म्हणायची?