सातबारा नसलेल्याला पंचनाम्यात कुठं लिहायचं?

मांजराकाठ
सप्टेंबरात मांजरा नदी शिवारात घुसली, तेव्हा आमच्या शेजारच्या गड्याचं चार एकर सोयाबीन पाण्याखाली गेलं. रान त्याचं नाही, बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं केलेलं. बी-खताचा खर्च निम्मा त्याचा, राबणूक सगळी त्याची. पंचनामा झाला, यादी लागली, पैसे आले मालकाच्या खात्यावर. मालक पुण्याला असतो. माणूस वाईट नाही, दिवाळीला गावी आला तेव्हा गड्याच्या हातावर पाच हजार ठेवले. म्हणजे सरकारची मदत आमच्या गड्याला मालकाची मेहेरबानी म्हणून मिळाली.

७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आकड्याशी माझं भांडण नाही, मापाशी आहे. कोरडवाहूला हेक्टरी १८,५०० रुपये, मर्यादा तीन हेक्टर. ज्याच्याकडं तीन हेक्टर आहे त्याला साडेपंचावन्न हजार, एकरवाल्याला साडेसात हजारसुद्धा नाहीत. आणि ज्याच्याकडं मापायला रानच नाही, त्याचा महिनाभराचा रोज बुडाला तो कुणी मोजला?

७२ च्या दुष्काळात माझी आई सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती आणि कामावर घेताना तिला कुणी सातबारा मागितला नाही. कामावर मिळणारी सुकडी खाऊन त्या बायांनी बांधलेला पाझर तलाव यंदाही सांडव्यावरून वाहिला. आपत्तीचा पैसा हेक्टरवर न वाटता हाताला काम म्हणून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. चुकत असेन तर बोला.

बालाघाटी
चुकताय. आणि ७२ चं गुणगान आता पुरे झालं. आमच्या आजोबांनी खडी फोडली, पण मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, मेलेल्यांची नावं आणि जित्यांच्या मजुरीला कात्री, हेही तेच सांगायचे. तुमचा तलाव वाहत असेल. आमच्याकडचा गाळानं इतका भरलाय की लोक त्यात तूर पेरतात.

काम आलं की मोजमाप आलं, मोजमाप आलं की मोजणारा आला. पाणी अडवायची जलयुक्त शिवार योजना, तीही कामंच होती ना? ९,६३४ कोटी खर्चून भूजल वाढवायला फारसा उपयोग झाला नाही, असं २०२० मध्ये कॅगनं, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, सांगितलं. चारा छावण्यांत कागदावरची जनावरं इतकी वाढली की २०१९ ला कानातले टॅग मोबाइलवर स्कॅन करायची पाळी आली. त्यापेक्षा खात्यावर येणारे पाच-सात हजार बरे. थोडे असतील, पण मधला हात तरी गेला.

मांजराकाठ
मधला हात गेला नाही, पुण्याला गेला.

निवृत्त अव्वल कारकून
तीसेक वर्षं महसुलात काढली, म्हणून दोघांचंही थोडं दुरुस्त करतो.

हेक्टरी १८,५०० ही एक रक्कम नाही. त्यातले ८,५०० आपत्ती निधीच्या ठरलेल्या दराचे. या निधीत ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ राज्याचा, मर्यादा दोन हेक्टर. तिसरं हेक्टर आणि रब्बीच्या तयारीचे १०,००० राज्यानं वरून दिले. आणि हा निधी नुकसानभरपाईसाठी नाहीच, तो तातडीच्या मदतीसाठी आहे. भाषणात भरपाई म्हणायचं आणि जीआरमध्ये मदत लिहायचं, ही जुनी रीत. शेतकरी भाषण ऐकून खातं तपासायला जातो आणि शिव्या तलाठ्याला बसतात.

बटईदाराचं नाव पंचनाम्यात का येत नाही? तलाठी दुष्ट असतो म्हणून नव्हे. बटईचा कागदच नसतो. कागद केला तर कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती आपल्याकडं मराठवाड्यात १९५० च्या हैदराबाद कूळकायद्यापासून मालकांच्या मनात घर करून बसलीय. म्हणून सगळा व्यवहार तोंडी. तोंडी व्यवहाराचा पंचनामा मी कसा करणार? उद्या चार जण उभे राहून म्हणाले, हे रान आम्हीच बटईनं केलं होतं, तर?

धारूरकर
कारकूनसाहेब, कागदाचंच म्हणता तर २०२३ आठवा. ३१ ऑक्टोबरला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. बीड जिल्ह्यातले वडवणी, धारूर, अंबाजोगाई हे तीनच. आम्ही आत होतो, बांधापलीकडचा केज बाहेर. पाऊस काय तालुक्याची शीव बघून थांबला होता? मग बोंब झाली, तेव्हा आणखी १,०२१ महसूल मंडळं (तालुक्याहून लहान, काही गावांचे गट) ‘दुष्काळसदृश’ ठरवली. त्यांना सवलती मिळाल्या : जमीन महसुलात सूट, पंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के माफी, परीक्षा फी माफ. रोख काही नाही. आमचा दुष्काळ सख्खा, त्यांचा सावत्र.

अतिवृष्टीचंही तेच. मंडळाच्या पर्जन्यमापकात ६५ मिलिमीटर भरले तर अतिवृष्टी. यंत्र मंडळाच्या गावी, ढग फुटतो सात-आठ किलोमीटरवर. जमीनवाल्याचीच ही गत, तिथं भूमिहीनाला कोण विचारतो.

ऊसतोडवाली लेक
आईबाप साखर कारखान्यावर ऊस तोडायला गेलेत, म्हणून मी लिहिते. मांजराकाठ दादा, तुमच्या आईबद्दल आदर आहे, पण हाताला काम द्या म्हणणं सोपं आहे. रोजगार हमीचा रोज २०२५-२६ ला ३१२ रुपये होता. सोयाबीन काढणीला याहून जास्त पडतो. आणि हमीची मजुरी कधी पडेल याचा नेम नाही. दोन वर्षांपूर्वी आईनं विहिरीच्या कामावर केलेल्या तीन आठवड्यांचे पैसे संक्रांत उलटून गेल्यावर आले. ऊसतोडीचा मुकादम लाख-दीड लाखाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधी हातात देतो. ती कशी फेडून घेतो ते आम्हाला माहीत आहे, तरी जातो, कारण पोरीच्या फीला आज पैसे लागतात.

आमचं एक एकर आहे. मदतीच्या यादीत नाव होतं, ओळख पटवायची ई-केवायसी राहिली. अंगठा द्यायला वडील सांगलीहून येणार कसे? एका दिवसाची तोड बुडते आणि येण्याजाण्याचं भाडं वेगळं. मांजराकाठ दादा आणि बालाघाटी, तुम्हा दोघांनाही एकदा ऊसतोड्यांच्या कोपीवर राहायला पाठवलं पाहिजे.

बालाघाटी
ताई, तुमच्या बोलण्यानं माझंच म्हणणं खरं ठरतं. कामापेक्षा रोख बरी.

ऊसतोडवाली लेक
नाही ठरत. रोख आली कुठं?

मांजराकाठ
ताईंचं मजुरीचं म्हणणं मान्य. ७२ ला आठवड्याच्या बाजाराआधी पगार वाटायचे, उशीर झाला तर बाया कचेरीवर जायच्या. आता पगार कुणी अडवला हेच कळत नाही, मग जायचं कुणावर? पण म्हणून माझा मूळ मुद्दा पडत नाही. याच पॅकेजात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख आणि तीन लाखांपर्यंत काम रोजगार हमीतून, असं लिहिलंय. म्हणजे कामातून मदत देता येते हे सरकारलाही माहीत आहे. शहरातल्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर मुळात याच हमीसाठी लावला होता, हेही पुण्यातल्या मालकांना कुणीतरी सांगा.

बटईचा कागद नको तर नको. पिकाची नोंद करायला मोबाइलवर ई-पीक पाहणी असते, त्यात पिकाचा फोटो काढतातच, तिथं ‘रान करणारा’ म्हणून एक नाव टाकू द्या. हक्क जमिनीवर नाही, फक्त त्या हंगामाच्या मदतीत निम्मा.

निवृत्त अव्वल कारकून
कल्पना चांगली. मालक पुढच्या वर्षी रान पडीक ठेवील किंवा ट्रॅक्टरवाल्याला उक्तं देईल. आधी तुमच्या गड्याला विचारलंत का?

मांजराकाठ
काल विचारलं. फोन केला, तो उसाच्या फडातच होता. सगळं समजावून सांगितलं. बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “भाऊ, माझं नाव कुठं लिवू नका. औंदाचं गेलं ते गेलं, पुढल्या साली रान तर मिळू द्या.”