मदत हवी आहे : १४ जणांसाठी शहरात पायी कोडीशोध कसा आखावा?

रानजाई

एका रविवारी मित्रमैत्रिणींसाठी शहरात पायी फिरत कोडी सोडवायचा खेळ ठेवायचा आहे. खेळणारे १४, आखणारी मी. सगळे एकमेकांना नीट ओळखत नाहीत. तीन टोळकी आहेत आणि ती आपापल्यातच बोलत बसतात. ते मोडावं हा मुख्य हेतू. एकाला गुडघ्याचा त्रास आहे; सपाटीवर थांबत थांबत तो चालू शकतो, पण पायऱ्या नकोत.

कच्चा आराखडा असा: २० ठिकाणं, एकूण १० किलोमीटर, गट आपापले निवडायचे, सगळ्यात आधी पोहोचेल तो गट विजयी. यात काय फसेल? गट, अंतर, कोडी, गुण, सगळ्यांबद्दल सांगा.

पायपीट

आधी वेळेचा हिशोब करा, बाकीचं आपोआप सुटेल. एकटा माणूस ताशी ५ किलोमीटर चालतो. चौघं मिळून, गप्पा मारत, सिग्नलला थांबत निघाले की ताशी ३.५ धरा. कोडं वाचून, शोधून, उत्तर पाठवेपर्यंत प्रत्येक ठिकाणी १२ मिनिटं जातात. तुमच्या आराखड्यात नुसतं चालणंच पावणेतीन तासांचं आणि ठिकाणांचे चार तास. विश्रांती न धरता पावणेसात तास झाले. दुपारनंतर कोणी कोडी वाचणार नाही, सगळे बसायला जागा शोधतील.

८ ठिकाणं ठेवा. मधोमध बसायला जागा, पाणी आणि स्वच्छतागृह असलेली एक जागा निवडा. तिला आपण ‘गाठ’ म्हणू. गाठीच्या एका बाजूला ४ ठिकाणांचं एक वर्तुळ, दुसऱ्या बाजूला ४ ठिकाणांचं दुसरं. वर्तुळातली लागोपाठची ठिकाणं साधारण ४०० मीटरवर, शेवटचं ते पहिलं हे अंतरही तेवढंच. गाठीपासून वर्तुळापर्यंत सरासरी ५०० मीटर. एका फेरीत ४०० मीटरचे तीन टप्पे आणि जाणं-येणं मिळून २.२ किलोमीटर, दोन फेऱ्यांचे ४.४. म्हणजे सव्वा तास चालणं, दीड तासाहून थोडी जास्त कोडी, मध्ये ४० मिनिटं विश्रांती. सुरुवातीच्या सूचना आणि शेवटची गुणमोजणी धरून चार तास. सकाळी ८ ला सुरू केलंत तर दुपारी बाराच्या सुमारास संपतं.

चार गट करा आणि प्रत्येकाला वर्तुळातल्या वेगळ्या ठिकाणापासून सुरू करायला लावा: पहिला गट १-२-३-४, दुसरा २-३-४-१, असं. सगळ्यांना एकाच क्रमाने पाठवलंत तर मागचा गट पुढच्याला बघून उत्तर उचलतो आणि एका पाटीपुढे १४ माणसं जमतात.

आता तुमचा खरा प्रश्न, टोळक्यांचा. आपापले गट निवडू देऊ नका, आणि गाठीवर परतल्यावर गट बदला. त्यासाठी १४ पत्ते बनवा. पुढच्या बाजूला रंग, मागे आकडा:

लाल १, २, ३, ४
निळा १, २, ३, ४
पिवळा १, २, ३
हिरवा १, २, ४

पहिली फेरी रंगाने, दुसरी आकड्याने. दोन्ही फेऱ्यांत गट ४, ४, ३, ३ असेच पडतात आणि पहिल्या फेरीतले कोणतेही दोघं दुसऱ्या फेरीत एकत्र येत नाहीत. एकाच टोळक्यातल्यांना पत्ते देताना रंगही वेगळे द्या आणि आकडेही. चौघांपर्यंतच्या टोळक्यात हे पूर्ण जमतं. टोळकं त्याहून मोठं असेल तर काही जोड्या एखाद्या फेरीत एकत्र येतील, तेवढं चालवून घ्या.

आयत्या वेळी एक जण गळला तर लाल १ काढा. दोघं गळले तर निळा २ सुद्धा काढा. उरलेल्या १२ जणांचे दोन्ही फेऱ्यांत तीन-तीनचे गट पडतात. तिघांच्या खाली गट जाऊ देऊ नका, दोघांतला एक जण कंटाळला की गट संपला. आणि पाच जणांत दोघं हमखास नुसते मागून चालतात.

कोडेकार

पायपीट यांचे पत्ते फार छान. गट बदलणार म्हणजे गुण व्यक्तीच्या नावावर जमा करा: गटाला मिळालेले गुण त्यातल्या प्रत्येकाला.

कोड्यांबद्दल. उत्तर हलणार नाही अशा वस्तूत ठेवा: कोनशिलेवरचं साल, पुतळ्याच्या हातातली वस्तू, कमानींची संख्या, घड्याळाच्या मनोऱ्यावरचे आकडे रोमन की साधे. फलक, भित्तिचित्रं, दुकानांच्या पाट्या टाळा, त्या आठवड्यात बदलतात. वस्तू लपवून ठेवू नका. सफाईत उचलल्या जातात, आणि बेवारस पिशवी दिसली की लोक घाबरतात. मोबाइलच्या नकाशावर ‘इथे जा’ असा ठिपका देऊनही भागत नाही. उंच इमारतींमध्ये उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि ठिपका शेजारच्या रस्त्यावर सरकतो. नकाशा गल्लीपर्यंत नेईल, पुढचं वर्णन शब्दांत द्या.

सांकेतिक कोडं हवं असेल तर अक्षरं पुढेमागे सरकवण्याच्या भानगडीत पडू नका, काना-मात्रांत सगळं अडकतं. वर्णमालेचाच तक्ता वापरा. क ते म ही पंचवीस व्यंजनं पाच ओळींत पाच-पाच बसतात. सहावी ओळ य र ल व श, सातवी ष स ह ळ. प्रत्येक अक्षराला तीन आकडे: ओळ, जागा आणि बाराखडीतला क्रम (क १, का २, कि ३, की ४, कु ५, कू ६...). ‘पूल’ म्हणजे ५-१-६, ६-३-१. ‘कमान’ म्हणजे १-१-१, ५-५-२, ४-५-१. जोडाक्षर नसलेले दोन-तीन अक्षरी शब्द घ्या. तक्ता गटाला देऊ नका, सगळे मिळून तो आठवायला लागतात तेव्हाच बोलणं सुरू होतं.

प्रत्येक ठिकाणासाठी दोन बंद पाकिटं द्या. १० मिनिटांनी पहिलं उघडता येईल: इशारा, २ गुण वजा. १५ मिनिटांनी दुसरं: उत्तर, त्या ठिकाणाचे सगळे गुण गेले, पुढे चला. १५ च का? मागचा गट एक ठिकाण मागे आहे, म्हणजे १२ मिनिटं कोडं आणि ७ मिनिटं चाल, एकूण १९. अडकलेला गट त्याआधी हलला नाही तर मागचा येऊन धडकतो.

पाऊलखुणा

पाहणी त्या आठवड्यातच करा, आणि त्याच वारी, त्याच वेळेला. बागेचं फाटक दुपारी बंद होतं, रविवारी एखादं प्रवेशद्वार उघडतच नाही, रस्ता खोदलेला असतो. उत्तरं कागदावर न बघता तिथे उभं राहून पुन्हा मोजा.

रानजाई

खूप आभार, पत्त्यांची मांडणी करून पाहिली, बरोबर पडते. दोन शंका राहिल्या. गुण व्यक्तीच्या नावावर, म्हणजे आधी पोहोचेल तो गट विजयी हे बाद; तर मग वेळ कशी मोजू? आणि गुडघेवाल्या मित्राला परीक्षक म्हणून गाठीवर बसवू का?

पायपीट

आधी पोहोचण्याला गुण दिलेत की लोक रस्ता धावत ओलांडतात आणि सगळ्यात हळू चालणारा गटाला ओझं वाटू लागतो. ओरिएंटियरिंगमध्ये, म्हणजे नकाशा घेऊन ठिकाणं शोधायच्या खेळात, स्कोअर नावाचा प्रकार असतो, त्यातला नियम घ्या: परतायची वेळ ठरलेली, लवकर आल्याचं बक्षीस नाही, उशिराच्या प्रत्येक मिनिटाला १ गुण वजा. प्रत्येक कोड्याला १० गुण. पहिल्या फेरीला १०० मिनिटं द्या, दुसरीलाही तेवढीच; हिशोबाप्रमाणे लागतात साधारण ८६. वरची मिनिटं सिग्नल आणि स्वच्छतागृह खातात.

उत्तरासोबत गटातले सगळे दिसतील असा एक फोटो मागवा, म्हणजे एक जण पुढे पळून बाकीचे मागे राहत नाहीत. प्रत्येक गटाचा संदेशांचा वेगळा गट करा, नाहीतर उत्तरं सगळ्यांना दिसतात. फोटो, नकाशा आणि चालू पडदा मिळून बॅटरी लवकर उतरते. नकाशा आधीच उतरवून घ्या, गटात एक पॉवर बँक असू द्या आणि तुमचा नंबर प्रत्येकाकडे कागदावर लिहिलेला असू द्या.

कोडेकार

मित्राला बसवू नका. सव्वा तासाचं चालणं आठ ठिकाणी थांबत होतंय, ते त्याला जमण्यासारखं दिसतं. तरी मार्ग आधी त्याला दाखवा. आठही ठिकाणी खालून दिसेल असंच उत्तर ठेवा, चढून बघावं लागणारं एकही नको. पाहणी करताना दोन ठिकाणांमध्ये भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल लागतो का ते बघा, पायऱ्या बहुतेकदा तिथेच निघतात. निदान चार ठिकाणी बसायला कट्टा असू द्या. दमला तर पहिली फेरी संपवून गाठीवर थांबता येईल. मग त्याच्या आकड्याच्या गटाला तिथून फोनवर तक्ता सांगायचं काम त्याचं, आणि गटाचे गुण त्यालाही. तो चौघांच्या गटात असलेला बरा, म्हणजे मागे तिघं उरतात. पत्ता लाल किंवा निळा, १ किंवा २ असलेला द्या, आणि गळतीसाठी काढायचा पत्ता नेमका त्याच्या हातात नाही ना, ते आदल्या रात्री पाहा.