मदत हवी आहे: रत्नागिरी ते गुहागर, सायकलने एका दिवसात

मंडळी, डिसेंबरात आम्ही दोघं रत्नागिरीहून पहाटे निघून आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड करत जयगड गाठणार. तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडून तवसाळ, मग हेदवी, वेळणेश्वरवरून मुक्कामाला गुहागर.

नकाशावर अंतर किरकोळ दिसतं, पण कोकणात किलोमीटर मोजण्यात अर्थ नाही हे ठाऊक आहे. खाडीपाशी उतरलात की पुन्हा सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या पठारावर चढा, तिथे सावली नाही, खाली तापलेला कातळ, की परत उतार. दिवसभर हेच! माझ्या हायब्रिड सायकलला मागचं मोठं चक्र 28 दात्यांचं आहे. पॅनियरमध्ये (कॅरियरला लटकवायच्या पिशव्यांत) सात-आठ किलो सामान असेल. तवसाळचा चढ यावर निघेल, की 34 चं बसवून घेऊ? त्यासाठी डिरेलरही (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) बदलावा लागेल का?

दुसरं, रिम ब्रेक (चाकाच्या कड्यावर दाबले जाणारे) आहेत. आरे-वारेच्या उतारावर ओझ्यासह भरवसा ठेवावा का?

आणि तवसाळ ते हेदवी दुपारी पाणी, जेवण कुठे मिळेल? घरगुती खानावळ असेल तर उत्तमच. हल्ली त्या बाजूला सायकलने गेलेल्यांनी कृपया सांगा. ‘गाडीने जा’ हा सल्ला घरून मिळालाय.